पाठीवरचा श्वास

समोरच्या ब्लॉकात जपानी माणसं येणार, ही बातमी नंदकुमार घेऊन आले. ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. बातमी आणायची आणि आणल्यावर तिला स्वतःच घाबरायचं, ही दोन्ही कामं त्यांच्याकडेच असायची.

"वहिनी, कच्चे मासे खातात म्हणे ते लोक."

"खाऊ देत. तुमच्या ताटात वाढणार आहेत का?" मी म्हटलं.

पण ते गेल्यावर मलाही धास्ती वाटलीच. माझं सगळं आयुष्य मुलुंडला गेलं. परदेशी माणूस म्हणजे विमानतळाच्या बाजूला, सांताक्रूझकडे कधी गेलो तर टॅक्सीच्या काचेआड दिसायचा तेवढाच. तो आपल्या दारासमोर दार उघडून राहील, त्याच्या घरचा वास आपल्या देवघरापर्यंत येईल, असं कधी मनात आलं नव्हतं.

शहाऐंशी साली गणपती गेल्यावर ते आले. ओनोसाहेब इथल्या एका कारखान्यात यंत्रं बसवून द्यायला तीन वर्षांसाठी आलेले. उंच, अबोल, सकाळी जाणारे आणि दिवेलागणीनंतर येणारे. बायकोचं नाव हिसाको. आणि दहा-अकरा महिन्यांचा मुलगा तोशिओ. दसऱ्यापर्यंत जिन्यातल्या पोरांनी त्याचा तोशा करून टाकला होता.

हिसाकोला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरी. दाराशी वाकून ती चपला ओळीने लावत होती आणि तिच्या पाठीवर, रुंद निळ्या पट्ट्याने करकचून बांधलेलं पोर झोपलं होतं. मान एका बाजूला कलंडलेली, गाल तिच्या खांद्याच्या हाडावर चेपलेला. आपल्याकडे मूल कडेवर. डोळ्यांसमोर असतं, तोंड पुसता येतं. पाठीवरचं मूल काय करतंय हे आईला कळायचं कसं?

मालनला मात्र ते फार पसंत पडलं. मालन आमच्याकडे भांड्यांना यायची, आणि नंतर हिसाकोकडेही जाऊ लागली. मूळची मालवणकडची. नवरा जयवंत गिरणीत होता. संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच, तेव्हापासून घर हिच्या हातावर.

"माकडिणीसारख्या पोराक घेवन फिरता ती," मालन म्हणाली. "पण वयनी, दोनय हात मोकळे ऱ्हवतत. आमका कोणी ह्यां शिकवूक नाय."

मालनची बहीण खारदांड्याला दिलेली. तिच्याकडचे सुके बोंबील मालनने एकदा हिसाकोला नेऊन दिले आणि त्या दोघींचं सूत जमलं. हिसाको ते जाळीवर भाजायची. पहिल्या दिवशी मी देवघराचं दार लावून घेतलं आणि उदबत्तीच्या दोन काड्या जास्त लावल्या. पुढे सवय झाली. दत्तमहाराजांनाही झाली असावी.

माझं आणि हिसाकोचं जमलं ते वेगळ्याच कारणाने. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं. दोघींनाही शब्द सापडायला सारखाच वेळ लागायचा, त्यामुळे कुणी कुणाला लाजायचं कारण नव्हतं. मराठी शब्दही ती भराभर उचलायची. 'वहिनी', 'बस', 'गरम', 'नको' हे पहिले. त्यातला 'नको' सगळ्यांत जास्त लागायचा.

कारण तिला भीती वाटायची. किती वाटायची, हे तिच्या घरात गेल्याशिवाय कळलं नसतं. पाणी उकळायचं, गार करायचं, आणि शंका आली की पुन्हा उकळायचं. पालक औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. मच्छरदाणी गादीखाली खोचून झाली की हात फिरवत चारी बाजूंनी पाहायची. खिडकीत कावळा बसला तर तोशिओला उचलून आतल्या खोलीत. भिंतीवर पाल चुकचुकली की आपण 'कृष्ण कृष्ण' म्हणून कामाला लागतो. ती पोराला पाठीशी बांधून थेट माझ्या दारात. दिवाळीत अंगणात सुतळी बॉम्ब वाजायला लागले तेव्हा ती मला तिच्या न्हाणीघरात सापडली. कोपऱ्यात उकिडवी बसलेली, पोर पाठीवर, आणि त्याच्या कानांवर दुहेरी टॉवेल.

"युद्ध?" तिने विचारलं.

"नाही गं बाई, लक्ष्मीपूजन," मी म्हटलं, आणि तिच्याजवळ ओल्या फरशीवर बसले. माझ्या नव्या साडीची वाट लागली.

एकदा दुपारी मी भाजी घेऊन येत होते तेव्हा ती मला रस्त्यात दिसली. पाठीवर तोशिओ, हातात काही नाही, भरभर चाललेली. डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत गेली, बंद दाराला हात लावला आणि वळली. मी घाबरून विचारलं, बरं नाही का त्याला?

"बरा," ती म्हणाली. "मी शिकते. रस्ता. लाइट नसेल, तरी पाय जाईल."

मग जिना चढताना थोडं थांबून, शब्द जुळवत म्हणाली, "तिकडे मूल आजारी, तर आई येते, सासू येते, शेजारीण येते. इथे आई फक्त मी."

"आणि समोरचं दार काय भिंत आहे?" मी म्हटलं.

ती पायरीवरच वाकली. त्यांच्यात आभार मानायचे ते कमरेतून. पाठीवरचा तोशाही तिच्याबरोबर वाकला आणि माझ्याकडे बघून हसला.

संक्रांत आली. दुसऱ्या मजल्यावरच्या नीलाताईंच्या नातवाचं बोरन्हाण होतं. हिसाको दारात उभी राहून बघत होती. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेलं पोर आणि त्याच्या डोक्यावरून ओतलेला कुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, तिळाच्या रेवड्या यांचा तो पाऊस. आणि भोवती वेचायला तुटून पडलेली पोरं. मी तिला सांगितलं, ऋतू बदलतो, लहान मुलाला बाधू नये म्हणून हे न्हाण.

तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"आमच्याकडे पण!" ती म्हणाली. "फेब्रुवारीत. भाजलेले सोयाबीनचे दाणे घरभर टाकतात. भुतं बाहेर, सुख आत. मग जेवढं वय, तेवढे दाणे खायचे. माझी आई टाकायची." आणि मग हळूच, "तोशिओला पण हे?"

चार महिने 'नको' म्हणणाऱ्या बाईने पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी त्याच दुपारी शिलाई यंत्रावर बसले. खणाच्या काठाचं काळं झबलं शिवलं. हलव्याचा मुकुट, बाजूबंद, हार ओवला. पुढच्या रविवारी माझ्याच घरात, देवासमोर पाट मांडला. ओनोसाहेब कॅमेरा घेऊन कोपऱ्यात. ते दुसऱ्या दिवशी गुजरातला निघणार होते, तिकडच्या कारखान्यात यंत्र बसवायला.

सगळं ठरल्यासारखं झालं. हिसाकोने दोन्ही हातांनी भांडं धरून त्याच्या डोक्यावर ओतलं. शेंगदाणे, चुरमुरे, बोरं टपटप सांडली. तोशा आधी दचकला, मग खिदळला. पोरांची झुंबड उडाली. एक पोरगं त्याच्या अंगावरून पलीकडे झेपावलं, तोशा हसता हसता मागे कलला आणि त्याला ठसका लागला.

मोठा ठसका. तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी. मालन जवळच होती. तिने त्याला उचलून पालथं धरलं, पाठीवर थापट्या दिल्या, तोंडात बोट फिरवलं. तो दोनदा खोकला, मोठ्याने रडला आणि थांबला.

"कोण आठवण काढतंय रे तोशोबा?" नीलाताई म्हणाल्या. "जपानची आजी वाटतं?"

सगळ्या हसल्या. हिसाको माझ्याकडे बघत होती, म्हणून मी तिला उलगडून सांगितलं, की ठसका लागला म्हणजे दूरचं कुणीतरी आपलं नाव काढतंय असं आम्ही मानतो. तिचे डोळे भरून आले.

"आई," ती म्हणाली. "माझी आई." आणि तोशिओच्या डोक्यातले चुरमुरे एकेक वेचू लागली.

दुसऱ्या दिवशी त्याला खोकला होता. डॉक्टर म्हणाले, हवा बदलली आहे, घरोघरी हेच चाललंय. लाल औषध दिलं. मग खोकला कमी झाला आणि आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. पण पोर खेळेना. पाठीवरून उतरवलं की किरकिरायचं, खायला दिलं की तोंड फिरवायचं. मग ताप भरला. हिसाको पुन्हा डॉक्टरांकडे गेली, मी बरोबर. दवाखाना खच्चून भरलेला.

"यांना समजवा," डॉक्टर मला म्हणाले, "इथली हवा सोसायला वेळ लागतो. घाबरण्यासारखं काही नाही."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सांगितलं. तिने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

जिन्यात तोपर्यंत कुजबुज सुरू झाली होती. कुणी म्हणे, दृष्ट लागली, गोरंगोमटं पोर. मी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, देवापुढचा अंगारा लावला. हिसाकोने स्वतःच त्याचं कपाळ पुढे केलं. त्यानेच मला जास्त भीती वाटली. साध्या पालकालाही 'नको' म्हणणारी बाई माझ्या राखेला 'नको' म्हणत नव्हती.

नंदकुमार मला जिन्यात आडवे आले. "वहिनी, एक विचारू का? त्यांच्या वकिलातीतून माणसं आली तर? बोरन्हाण सोसायटीत झालं. आपल्याला विचारतील."

"मूल तापलंय हो. वकिलात कसली घेऊन बसलात!"

"तसं नाही, पण..." ते घाम पुसत खाली उतरले.

ओनोसाहेबांना कळवायला त्यांच्याच घरून ट्रंक कॉल लावला होता. लागेना. लागला तेव्हा पलीकडून कुणीतरी गुजरातीत ओरडून सांगितलं, साहेब साइटवर आहेत, आणि फोन तुटला.

गुरुवार होता. माझी पूजा आटोपत होती. दारात हिसाको उभी. डोळ्यांखाली काळं, केस सुटलेले. पाठीवर तोशिओ.

"वहिनी, तुम्ही ऐका," ती म्हणाली.

मला वाटलं काही सांगणार. तिने पट्टा सोडला, पोराला पुढे घेतलं आणि मला पाठ करून उभं राहायची खूण केली. मी पदर खोचला आणि वाकले. तिने तोशिओला माझ्या पाठीवर ठेवलं, पट्टा माझ्या खांद्यांवरून, काखेखालून, छातीवरून फिरवून आवळला. मला दोन मुलं झाली, वाढली, कॉलेजात गेली. पण मूल पाठीवर कधी घेतलं नव्हतं. पडेल की काय म्हणून मी खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली.

"बोलू नका," ती म्हणाली.

मी डोळे मिटले. आधी नुसती त्याची ऊब कळली, तापाची. मग ब्लाउजच्या कापडातून त्याची छाती हलताना जाणवली. माझ्या पाठीच्या डाव्या बाजूला ती लागत होती, सुटत होती, लागत होती. उजवीकडे काही नव्हतं. एखादी उशी टेकवून ठेवावी तसं निपचित. आणि त्या निपचित बाजूला फार बारीक शीळ, कुकरची शिटी व्हायच्या आधी वाफ सूं करते ना, तेवढीच.

पाठीवरच्या मुलाचं आईला काय कळणार, असं मला वाटलं होतं. तिला सगळं कळत होतं. तीन दिवस ती हे पाठीवर घेऊन फिरत होती आणि आम्ही तिला हवेचं सांगत होतो.

"इकडे नाही," मी उजवा खांदा हलवून म्हटलं. "इकडे श्वासच नाही."

"हो," ती म्हणाली. तिला रडू फुटलं नाही. उलट कुणीतरी आपल्याबरोबर ऐकलं याने तिची मान किंचित सैल झाली.

मोरीत नळ वाहत होता. तो बंद झाला. मालन ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आली. तिचं तोंड पांढरंफटक.

"वयनी, माका मारूचा तर मारा."

"काय झालं?"

"त्या दिवशी मी तेच्या तोंडात बोट घातलंय ना, तेव्हा अर्धो दाणो गावलो. शेंगदाण्याचो. दुसरो अर्धो गावाक नाय. माका वाटलां, गिळलो आसतलो. तुमी सगळी हसत होतास, मी काय म्हणान बोलू?"

"आणि नंतर गं? इतके दिवस?"

"भियालंय, वयनी. फॉरेनचा पोर. मालनच्याच बोटान आत ढकललो, असां कोण म्हणालो तर? पोलीस घरात येतले. जयवंत आधीच तसो होवन बसलो. कमावणारी मी एकटी." ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

रागवायला सवड नव्हती. हिसाकोला काही कळलं नव्हतं. ती एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मी डब्यातून एक शेंगदाणा काढला, तिच्यासमोर त्याच्या दोन डाळी केल्या. एक मालनच्या तळहातावर ठेवली आणि मालनच्या बोटाला हात लावला. दुसरी माझ्या मुठीत मिटली आणि ती मूठ खांद्यावरून मागे नेऊन तोशिओच्या छातीशी टेकवली.

हिसाकोने माझ्या पाठीवरून पोर सोडवलं, आपल्या पाठीवर घेतलं आणि पट्ट्याला अशी गाठ मारली की मला ती आवळताना ऐकू आली.

मी जिन्यातून हाक मारली, "नंदकुमार, टॅक्सी!" ते बनियनवर शर्ट चढवत धावले. टॅक्सी आली तेव्हा पुढच्या सीटवर तेच बसलेले होते.

"तुम्ही येताय?" मी म्हटलं. "आणि वकिलात?"

"गेली खड्ड्यात. बसा लवकर."

मालन फुटपाथवर उभी राहिली होती. मी काही म्हणायच्या आत तिनेच दार उघडलं आणि आत शिरली. ओले हात तिने लुगड्याला पुसलेही नव्हते.

मोठ्या रुग्णालयापर्यंतचा तो रस्ता मला नीट आठवत नाही. हिसाको सीटच्या टोकावर, पुढे वाकून बसली होती, पाठ टेकू नये म्हणून. सिग्नलला टॅक्सी थांबली की तोशिओची शीळ ऐकू यायची; चालू झाली की इंजिनात बुडून जायची, आणि मग आम्हा सगळ्यांनाच ती ऐकू येत नाही याची भीती वाटायची. मी जप करत होते. माळ घरीच राहिली होती, बोटांच्या पेरांवर करत होते, आणि सारखी चुकत होते.

तिथली डॉक्टरीण तरुण होती, केस कसेबसे वर बांधलेले. तिने नळी लावून डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं, पुन्हा उजवीकडे ऐकलं.

"काही गिळलं होतं का? गळ्यात अडकलं होतं?"

मी तोंड उघडणार तोच मालन पुढे झाली. हात जोडलेले. "शेंगदाणो. रविवारी. अर्धो माझ्या बोटाक लागलो, अर्धो नाय. मी बोलूक नाय इतके दिस."

"आज बोललात ना? बास," डॉक्टरीण म्हणाली. "आत तो फुगतो. उजवी बाजू बंद केली आहे त्याने." मग माझ्याकडे वळून, "भूल देऊन घशातून नळी घालावी लागेल. लहान जीव आहे, धोका आहे. न काढण्यात जास्त आहे. वडील कुठे?"

"गुजरातेत. फोन लागत नाही."

"मग आईला विचारा. लगेच."

हे मी कसं सांगितलं, कोणत्या शब्दांत, देव जाणे. माझ्या मोडक्या इंग्रजीत 'धोका' हा शब्द मी दोनदा गिळला आणि तिसऱ्यांदा उच्चारला. हिसाकोने ऐकून घेतलं. तिने एवढंच विचारलं, "मी आत? बरोबर?"

"नाही."

ती डॉक्टरणीकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "हो."

पण पट्टा सुटेना. नर्स हात पसरून उभी, आणि हिसाकोची बोटं गाठीवरून नुसती निसटतायत. घामाने कापड भिजून गाठ दगड झालेली. नर्स कात्री आणायला वळली, तशी हिसाको कळवळून "नको, नको" म्हणाली. तो पट्टा तिच्या आईने शिवलेला होता, हे मला मागाहून कळलं. मी खाली वाकले आणि दातांनी ती गाठ ओढली. तोंडात खारट चव आली. गाठ सैल झाली, पट्टा सुटला आणि तोशिओ नर्सच्या हातात गेला. दार लागलं.

मग वाट बघणं. नंदकुमार व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. मालन भिंतीशी बसून होती. हिसाको उभी. बसायला बाक होता, पण ती बसेना. मी बघितलं तर ती तशीच पुढे किंचित वाकलेली, हात मागे कमरेशी धरलेले, आणि गुडघ्यांतून सावकाश हलत होती. रिकाम्या पाठीवरच्या पोराला ती थोपटत होती.

ते मला बघवेना. मी भिंतीकडे तोंड केलं आणि दत्तमहाराजांना म्हटलं, याला सोडवा, मी जन्मभर शेंगदाणा तोंडात घालणार नाही.

मोठ्याने म्हटलं असावं. कारण मागून मालनचा आवाज आला, अगदी बारीक, "वयनी... मग उपासाक काय खातलात?"

खरं होतं. आमच्याकडे कुटाशिवाय भाजी नाही, आणि उपास म्हटला की दाणेच दाणे. पण बोलून बसले होते.

"उपास करीन," मी म्हटलं. "खरा."

दार उघडलं. डॉक्टरीण आली, तोंडावरचं फडकं खाली ओढत. तिच्या हातात लहान स्टीलचा ट्रे. त्यात कापसावर एक तपकिरी, फुगलेली, भिजलेली डाळ. नखाएवढी.

"निघाला," ती म्हणाली. "ताप आहे, दोन-चार दिवस ठेवू. पण श्वास घेतोय. दोन्हीकडून."

मी हिसाकोला सांगायला वळले, पण तिला कळलं होतं. तिने त्या ट्रेकडे पाहिलं. मग सरळ मालनसमोर जाऊन उभी राहिली आणि कमरेतून इतकी वाकली की तिचे केस फरशीला लागले.

मालन खांबाआड सरकली. "अगो बाय! माझ्या पाया कित्याक पडतंस? वयनी, तिका उठवा गो!"

"मालन बोलली," हिसाको वर न बघता म्हणत होती. "मालन बोलली. मालन बोलली."

ओनोसाहेब दुसऱ्या दिवशी पोचले. आल्या आल्या खाटेच्या कडेला बसून पोराच्या छातीवर त्यांनी पंजा ठेवला, तो बराच वेळ तिथेच होता. घरी निघालेल्या नंदकुमारांना त्यांनी वाकून नमस्कार केला. नंदकुमारही घाईने वाकले आणि दोघांच्या डोक्यांची टक्कर झाली. त्या वेळी हसू आलं सगळ्यांना. थोडंसंच.

घरी आल्यावर आठवड्याच्या आतच त्यांचा तो दाण्यांचा दिवस आला. मला वाटलं, आता ती कसले दाणे टाकते! पण तिने मला आणि मालनला बोलावलं. भुताला बाहेर घालवायलाच हवं, म्हणाली, या वर्षी तर हवंच. ओनोसाहेबांनी पुठ्ठ्याचा भुताचा मुखवटा लावला होता. तोशिओने जमिनीवरचं काही उचलू नये म्हणून तिने त्याला आधी माझ्या पाठीवर बांधलं. मग दार सताड उघडून मूठभर भाजलेले दाणे तिने जिन्यात भिरकावले. तिचा आवाज चिरकला. भीती गेलेली बाई अशी ओरडत नाही. भुताला तोंडावर धमकावणारी ओरडते.

दार लावलं आणि त्या दोघी लगेच जमिनीवर बसल्या. हिसाको टॉर्च घेऊन, मालन केरसुणी घेऊन. कपाटाखाली, पायपुसण्याखाली, दाराच्या फटीत. मालन खाटेखाली आडवी शिरली होती, तिचे नुसते पाय दिसत होते.

"भुतां गेली आसतली वयनी," आतून आवाज आला, "पण दाणे हंयच ऱ्हवले. ह्यो बघा आणखी एक गावलो!"

सगळे वेचून झाल्यावर हिसाकोने वाटीत नवे दाणे घेतले. ज्याच्या त्याच्या वयाएवढे. माझ्या हातावर बरेच आले. मी नवसाचा विचार केला. हे शेंगदाणे नव्हते, तरी घशाखाली उतरेनात. मालनने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हातावरचे अर्धे उचलून स्वतःच्या तोंडात टाकले.

तोशिओचं वय सव्वा वर्ष. त्याचा एक दाणा. हिसाकोने तो तळहातावर ठेवला. माझ्या खांद्यावरून तोशाचा हात पुढे आला, बोटं उघडी. मग तो दाणा तिने स्वतःच्या तोंडात टाकला आणि सावकाश, पीठ होईपर्यंत चावला.

"त्याचा मी खाते," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पण मी."

तोशा रागावून माझ्या पाठीवर उड्या मारू लागला. मी खुर्चीची पाठ धरली, डोळे मिटले आणि ऐकू लागले. आधी डावीकडे. मग उजवीकडे.